जौऱ्यात खाली ठेवलेल्या बंदुका

माझ्या आत्याला आवाजावरून बंदूक ओळखता येते. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात लग्नसराईत वरात गल्लीत शिरली की मेथी निवडता निवडता ती सांगते, "ही दुनाली, बारा बोअर. आणि हा आत्ताचा फाटका आवाज गावठी कट्ट्याचा. पोरांना आत घे, तो पुढे उडतो तसा मागेही फुटतो." आत्या सत्तरीची, आयुष्यभर मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवलेली. कानाचं हे शिक्षण मात्र जौऱ्याचं.

जौरा मुरैना जिल्ह्यात. माझे आजोबा, म्हणजे नाना, तिथल्या सरकारी शाळेत गणिताचे मास्तर होते. शिंद्यांच्या फौजेमागून उत्तरेत आलेली आमच्यासारखी मराठी घरं संस्थान विलीन झाल्यावर मिळेल त्या नोकरीला लागली. नानांच्या वाट्याला हे गाव आलं आणि ते तिथेच रमले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून ग्वाल्हेरला आणि तिथून दोन फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीनं जौऱ्याला जात असू. बामोर, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ करत ती गाडी श्योपुरला पोचायची. डब्यात जितकी माणसं तितकीच टपावर, आणि टपावरच्या कितीतरी खांद्यांवर बंदूक. पुण्याला आमच्या शेजाऱ्यांच्या हातात जून महिन्यात छत्री असायची, तितक्याच सहजतेनं. २०२० साली ती गाडी बंद झाली. तोवर मी तिच्या टपावर एकदाही बसले नाही याची मला अजून चुटपुट आहे.

नानांकडे बंदूक नव्हती आणि गावाला त्याचं नवल वाटे. "मास्साब, घरात जाणती मुलगी आणि दाराला नुसती कडी?" असं लोक विचारत. नाना म्हणायचे, "नेणार काय? लॉग टेबल?"

घरात एके काळी होती, हे ते गावात कुणाला सांगत नसत. पणजोबांना दरबारच्या नोकरीत मिळालेली विलायती दुनाली लश्करच्या वाड्यात दिवाणखान्यात टांगलेली असे. दसऱ्याला तिला झेंडू वाहायचे. जानेवारी १९४८च्या अखेरीस नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरला आले, आणि इथून इटालियन बनावटीचं एक बेरेटा पिस्तूल घेऊन दिल्लीला परतले. ३० जानेवारीला त्याच पिस्तुलानं गांधीजींचा खून झाला. ज्यांच्याकडे ते आले होते ते डॉ. दत्तात्रय परचुरे ग्वाल्हेरातलेच मराठी गृहस्थ. खालच्या कोर्टात त्यांना शिक्षा झाली, पुढे वरच्या कोर्टानं त्यांना सोडलं. पण हे सगळं नंतरचं. त्या फेब्रुवारीत आमच्या घरात कुणी मोठ्यानं मराठी बोलत नव्हतं, असं आजी सांगायची. एका पहाटे पणजोबांनी ती दुनाली जुन्या धोतरात गुंडाळली, टांग्यातून कोतवालीत नेली आणि जमा करून पावती घेऊन आले. पावती पुढे कित्येक वर्षं ट्रंकेत होती. बंदूक आणायला कुणी गेलं नाही. आमच्या घरातलं निःशस्त्रीकरण असं निव्वळ भीतीनं झालेलं. त्यात गांधीविचार औषधालाही नव्हता, आणि नाना तसं मोकळेपणानं म्हणत.

जौऱ्याच्या लोकांना बंदूक का लागते, याचं उत्तर नानांनी मला पहिल्यांदा दिलं ते घराच्या गच्चीवरून लांबच्या घळी दाखवत. चंबळ, क्वारी, आसन, सिंध या नद्यांच्या काठची माती पाऊस पडला की वाहून जाते. आज ओघळ, पाच पावसाळ्यांनी खड्डा, नातवाच्या काळी त्यात घोडेस्वार उभा दिसेनासा होतो. हे बीहड दरसाल शेत खातं. शेताबरोबर बांध जातो, आणि बांधाबरोबर दोन भावांमधला शब्दही. मग पटवारी येतो, तो ज्याच्या ओसरीवर जेवतो त्याच्या बाजूनं मोजणी होते. दुसरा कोर्टात जातो आणि तारखा मोजत म्हातारा होतो. त्याचा मुलगा तेवढा थांबायला तयार नसतो. एक गोळी सुटते, आणि गोळी सोडणारा त्याच घळीत उतरतो जिनं त्याचं शेत खाल्लेलं असतं. पुढे तो बागी, म्हणजे बीहडातला बंडखोर. आग्रा जिल्ह्यातल्या खेडा राठौरचा मानसिंह अशाच गावकीच्या वैरातून बीहडात गेला होता. १९५५ साली पोलिसांच्या गोळीनं तो मेला, आणि नंतर त्याच्या गावानं त्याचं देऊळ बांधलं.

नाना म्हणायचे, इथं बंदूक पटवाऱ्याचं काम करते, वकिलाचं करते आणि मुलाचं लग्नही जमवते. हे काम करायला दुसरं कुणी उभं राहिलं नाही तर माणूस ती खाली का ठेवेल? पुढे मी या विषयावर बरंच वाचलं, पण नानांच्या या प्रश्नाच्या पुढं मी फारशी गेलेली नाही.

१९६०चा मे महिना. आत्या तेव्हा पाचेक वर्षांची, त्यामुळे ही गोष्ट आजीची. त्याच्या आदल्या वर्षी मानसिंहाचा मुलगा तहसीलदारसिंह नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. मरण्यापूर्वी आपल्याला भेटावं, अशी चिठ्ठी त्यानं विनोबांना पाठवली. विनोबा तेव्हा काश्मीरच्या पदयात्रेत होते. त्यांनी मेजर जनरल यदुनाथसिंह यांना त्याच्याकडे पाठवलं आणि पुढे स्वतः चंबळच्या खोऱ्यात पायी आले. आजीचं माहेर पेणचं. विनोबांचं गागोदं पेण तालुक्यातलंच, म्हणून तिच्या लेखी हा सगळा प्रकार म्हणजे माहेरचं माणूस परमुलखात आलं असा होता. नाना भिंडच्या बाजूला त्यांचं प्रवचन ऐकायला निघाले तेव्हा तिनं त्यांच्या पिशवीत पेणहून आलेले पोह्याचे पापड घातले. दही, दूध आणि मधावर राहणाऱ्या माणसाला पापड! नाना ते तसेच परत घेऊन आले. आजी त्यांच्यावर दोन दिवस रुसली होती. विनोबांनी ते घेतले नाहीत यापेक्षा नानांनी ते दिलेच नाहीत, याचा तिला राग.

त्या महिन्यात वीस बागींनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली. त्यात मानसिंहाच्या टोळीतला लोकमन दीक्षित होता, ज्याला सगळा मुलूख लुक्का म्हणून ओळखे. आजीला यात नवल वाटलं नाही. तिच्या देव्हाऱ्यापाशी ‘गीता प्रवचने’ असायचं. "ती प्रवचनं धुळ्याच्या तुरुंगातच झाली ना, कैद्यांसमोर? साने गुरुजींनी उतरवून घेतली. मग विनोबांना हे काय नवीन?" असा तिचा सरळ हिशोब.

पोलिसांचा हिशोब वेगळा होता. मध्य प्रदेशाचे तेव्हाचे पोलीसप्रमुख के. एफ. रुस्तमजी, जन्मानं आपल्या कामठीचे. त्यांच्याच कारकिर्दीत १९५९च्या नोव्हेंबरात खरा गब्बरसिंह मारला गेला. सिनेमातला गब्बर त्याच्यापुढे सौम्य म्हणावा, कारण हा लोकांची नाकं कापायचा. अशा टोळ्यांशी लढताना ज्यांनी माणसं गमावली होती, त्यांना हार घालून घेणारे बागी बघणं जड गेलं. यानं दरोडेखोर वीर ठरतात आणि पोलिसांचा जीव खचतो, हा रुस्तमजींचा आक्षेप होता. सर्वोदयाच्या गोष्टी सांगणारे लोक तो बाजूला सारतात. नाना सारत नसत. त्यांच्या वर्गात हवालदाराचीही मुलं होती.

शिवाय १९६०च्या कामात एक कच्चेपणा राहून गेला होता. शब्द विनोबांचा होता, खटले सरकारचे होते, आणि दोघांमध्ये नीट बोलणी झालेली नव्हती. तहसीलदारसिंहाची फाशी टळली, पण बाकीच्यांचं पुढं काय, त्यांच्या बायकामुलांना कोण बघणार, वकील कोण देणार, हे सगळं थोड्या कार्यकर्त्यांच्या खांद्यावर पडलं. त्यांनी ते बारा वर्षं वाहिलं. शिक्षा भोगून लोकमन आणि तहसीलदारसिंह बाहेर आले तेव्हा तेही त्यांच्यातच सामील झाले. या बारा वर्षांबद्दल कुणी फार लिहीत नाही. त्यात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.

१९७१ साली रामसिंह नावाचा एक ठेकेदार पाटण्याला जयप्रकाश नारायणांच्या घरी गेला. जेपींची तब्येत बरी नव्हती, त्यांनी नाही म्हणून पाहिलं. मग त्यानं सांगितलं, की मी ठेकेदार नाही, माधोसिंह आहे. डोक्यावर मोठं इनाम असलेला, एके काळी लष्करात नोकरी केलेला, चंबळमधला नावाजलेला बागी. विनोबांकडून तो इकडे वळला होता. जेपींनी या खेपेला आधी सरकारांशी बोलणं केलं. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली. फाशी होणार नाही एवढं आश्वासन घेतलं. खटले चालतील, गुन्हे कबूल करायचे, शिक्षा भोगायची, हे बागींनाही स्पष्ट सांगितलं. मग महावीरसिंह, हेमदेव शर्मा यांच्यासारखे कार्यकर्ते आणि त्यांच्याबरोबर लोकमन नि तहसीलदारसिंह बीहडात उतरले. ज्या वाटांनी हे दोघं स्वतः पळाले होते त्याच वाटांनी आता निरोप घेऊन. कुणाच्या हातात लाठीही नाही. पोलिसांना वाटायचं हे बागींचे हस्तक, बागींना वाटायचं हे पोलिसांचे मुखबिर. दोन्हीकडून गोळी खायची तयारी ठेवून महिनोन्‌महिने फिरणं म्हणजे काय, याचा मी विचार करू लागते तेव्हा मला ठरलेल्या दिवशीच्या व्यासपीठापेक्षा तीच पायपीट जास्त ओढून घेते.

जौऱ्यात तेव्हा महात्मा गांधी सेवा आश्रम नुकताच उभा राहिला होता. १९७० साली तो सुरू केला एस. एन. सुब्बाराव यांनी, मूळचे बंगळूरचे, सगळे त्यांना भाईजी म्हणत. खाकी अर्धी चड्डी, पांढरा खादीचा सदरा आणि गळ्यात कायम एखादं गाणं. देशभरातून तरुणांना बोलावून ते त्यांच्या हाती कुदळ-फावडी देत. नानांना आधी वाटलं, हा माणूस गाणी म्हणवून मुलांचा वेळ घालवतोय. नंतर त्यांना दिसलं, की घळीच्या काठाशी केरळचा मुलगा आणि मुरैन्याचा मुलगा मिळून पाटी उचलतायत. ते स्वतः कधी कुदळ घेऊन गेले नाहीत. त्यांनी दुसरं काम उचललं, ते पुढे सांगते.

एप्रिल १९७२. जौऱ्याजवळच्या पगारा धरणापाशी टोळ्या जमल्या. त्या टापूत पोलिसांनी शिरायचं नाही असं ठरलेलं होतं. १४ तारखेला जौऱ्याच्या मैदानात गांधीजींच्या तसबिरीपुढे, जेपी आणि त्यांच्या पत्नी प्रभावतीबाई यांच्या समोर, शस्त्रं ठेवणं सुरू झालं. माधोसिंह आला, दुसरा टोळीप्रमुख मोहरसिंह आला. हे किती जण, याचे आकडे ठिकठिकाणी वेगळे सापडतात. पुढचे काही आठवडे, चंबळ आणि मग बुंदेलखंड मिळून, ही संख्या शेकड्यांत गेली एवढं खरं. प्रभाष जोशी, अनुपम मिश्र आणि श्रवणकुमार गर्ग यांनी लगोलग त्यावर पुस्तक लिहिलं.

आत्या तेव्हा सतरा वर्षांची. आश्रमाच्या स्वयंपाकाला हात कमी पडत होते, म्हणून तिच्या वर्गातल्या मुलींना पुऱ्या लाटायला बोलावलं होतं. काम आटोपून त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या. "तुम्हाला वाटतं तिथं फार पवित्र शांतता असेल," ती म्हणते, "छे! धूळ, धक्काबुक्की, लाऊडस्पीकरची शिट्टी, आणि मोहरसिंहाच्या मिशा बघायला झाडावर चढलेली पोरं." बंदुकांच्या जाती तिनं त्या दिवशी एकेक करून डोळ्यांनी पाहिल्या. तोवर ती फक्त आवाज ओळखायची. थ्री नॉट थ्री, दुनाली, स्टेनगन, काडतुसांचे पट्टे. तिच्या मनात सगळ्यात जास्त राहिलं ते एका बागीचं. बंदूक ठेवून तो उठला आणि उजवा खांदा सारखा उडवत राहिला. इतक्या वर्षांच्या पट्ट्याचं वजन एकदम गेल्यावर त्याला त्या खांद्याचं काय करावं ते सुचेना.

रात्री घरी नाना म्हणाले, गांधी गेले ते ग्वाल्हेरच्या पिस्तुलानं, आणि आज ग्वाल्हेरच्या शेजारी त्यांच्याच फोटोपुढं एवढ्या बंदुका आल्या. आजीला असली जुळवाजुळव आवडत नसे. ती म्हणाली, "शेजारणीच्या घरी आज दिवा लागला नाही. तिकडं जाऊन या."

ही शेजारीण म्हणजे दोन घरं सोडून राहणारी विधवा. तिच्या नवऱ्याला एका टोळीनं पकड म्हणून उचललं होतं. पकड म्हणजे खंडणीसाठी पळवलेला माणूस. घरानं जनावरं विकून पैसे भरले, तरी तो परत आला नाही. ज्या टोळीनं त्याला नेलं तिच्यातले काही जण त्या दिवशी मैदानात होते आणि लोक त्यांच्यावर फुलं टाकत होते. आजी तिच्याजवळ जाऊन बसली. ती एवढंच म्हणाली, की त्यांनी बंदूक ठेवली ती गांधींच्या पायाशी, माझ्या उंबऱ्यावर कुणी आलं नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी आले. आश्रमाचे दोन कार्यकर्ते. तिनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, हे आजीनं स्वतः पाहिलेलं. ते परत गेले, पुन्हा आले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिच्या दिरानं ओसरीवर दुनाली मांडीवर घेऊन बसून त्यांचं म्हणणं ऐकलं. ही दुनाली त्यानं भाऊ गेल्यावर घेतली होती, रीतसर परवान्याची. बागींसाठी घेतली असं तो सांगे. पण बीहडात ज्या टोळीनं भाऊ नेला तिच्यापुढे एका दुनालीचं काय चालणार, हे त्यालाही माहीत होतं. बंदूक होती ती चुलतभावांसाठी. भाऊ गेल्यावर त्यांनी विधवेच्या वाट्याची क्वारीकडची जमीन नांगरायला घेतली होती, आणि सातबारा म्हणजे तिकडचा खसरा, तो अजून मेलेल्या माणसाच्याच नावावर होता.

नाना यात आले ते अर्ज लिहायला. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि कायद्याची हिंदी त्यांना दरबारी मराठीच्या सवयीमुळे सोपी जाई. आश्रमातून मुलं संध्याकाळी त्यांच्याकडे कागद घेऊन यायची: शरण आलेल्याच्या बायकोला भेटीची परवानगी, कुणाच्या मुलाला वसतिगृहात जागा, कुणाच्या शेताची मोजणी. विधवेचा फेरफाराचा अर्जही नानांनी लिहिला. तहसील कचेरीत त्या कार्यकर्त्यांनी किती हेलपाटे घातले याचा हिशोब नानांकडे नव्हता, आणि असता तर गणिताचे मास्तर असूनही त्यांनी तो सांगितला नसता. शेवटी वारस म्हणून तिचं नाव लागलं. मोजणीच्या दिवशी दोन्हीकडचे भाऊबंद आले, आश्रमाची माणसं मधे बसली, दगड रोवले गेले. कार्यकर्त्यांची एकच अट होती, की मोजणीला येताना कुणी हत्यार आणायचं नाही. दीर दुनाली घरी ठेवून आला, आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणे तो सबंध वेळ उघडा पडल्यासारखा चुळबुळत होता.

काही वर्षांनी त्यानं ती बंदूक ग्वाल्हेरच्या एका परवानाधारक दुकानात विकली. धाकट्या मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते. त्या विक्रीला ना जेपी होते, ना तसबीर, ना वार्ताहर. जौऱ्यातल्या सगळ्या बंदुकांमधली माझ्या मते सर्वात नीट खाली ठेवली गेलेली बंदूक ती. विधवेनं कार्यकर्त्यांना पुढे कधी पाणी विचारलं का? आत्या म्हणते, नाही. पण त्यांच्या हातून आलेली संक्रांतीची चिक्की तिनं घेतली होती.

मैदानात शस्त्रं ठेवलेल्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. खटले झाले, जन्मठेपा झाल्या. तेव्हाच्या गुना जिल्ह्यात मुंगावलीला त्यांच्यासाठी खुलं कारागृह निघालं. नाना ते बघून आले आणि त्यांना आपल्या औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची आठवण झाली. तिथल्या कैद्यांच्या खुल्या वसाहतीवरूनच ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा निघाला, आणि तो लिहिला गदिमांनी, हे ते जौऱ्यातल्या प्रत्येक हिंदी माणसाला अभिमानानं ऐकवत. माधोसिंह सुटल्यावर जादूचे प्रयोग करू लागला. मोहरसिंह मेहगावचा नगराध्यक्ष झाला आणि २०२० साली वार्धक्यानं गेला. यातलं जादूगाराचं मला फार आवडतं. ज्याच्या नावानं गावं दारं लावून घेत त्याच्या प्रयोगाला लोक तिकीट काढून बसत.

नंतरचे आत्मसमर्पण-सोहळे सरकारनं आपल्या हातात घेतले. १९८२ साली मलखानसिंह आणि १२ फेब्रुवारी १९८३ला फूलनदेवी, दोघंही भिंडला मुख्यमंत्री अर्जुनसिंहांसमोर शरण आली. फूलननं बंदूक ठेवली तिथं गांधीजींच्या बरोबर दुर्गेचीही तसबीर होती. बोलणी पोलीस अधिकाऱ्यांनी केली होती. मी ते कमी लेखत नाही, जीव वाचले. पण मधली माणसं, उंबऱ्यावर जाणारी, अर्ज लिहून घेणारी, त्या कार्यक्रमात कुठं दिसत नाहीत. मंच तोच, फोटो तोच, आणि नाटकाच्या आधीची बारा वर्षं गळलेली. फूलनच्या बाबतीत तर वैर मिटलंच नाही. २००१ साली ती खासदार असताना दिल्लीत तिच्याच दाराशी तिला गोळ्या घातल्या गेल्या.

आणि परवान्यांच्या बंदुका? त्या तर कुणी मागितल्याच नव्हत्या. शरण आल्या त्या बागींच्या. गावातल्या राहिल्या. बागी गेले तसं त्यांचं एक कारण संपलं, पण बंदूक काही कारणावर उभी नसते, ती सवयीवर उभी असते. निवडणूक आली की सगळे जण रांगेनं ठाण्यात ती जमा करतात आणि निकाल लागला की रांगेनं परत आणतात. लग्नात हवेत गोळ्या झाडल्या तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा कायदा २०१९ साली झाला. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. आत्याच्या गल्लीतल्या वराती त्यानं थोड्या शांत झाल्या, फार नाही. प्रशासनानं या हौसेचा उपयोगही करून घेतला. २००८ साली शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात प्राधान्य देण्यात आलं. २०१९मध्ये ग्वाल्हेरला परवाना हवा असेल तर आधी दहा झाडं लावून त्यांच्याबरोबर फोटो काढून आणा, अशी अट निघाली. बातमी वाचून आत्या म्हणाली, "म्हणजे बंदूक चांगली आहे असं सरकारच सांगतंय. बक्षीस वाईट गोष्टीचं कुणी देतं का?" यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

आश्रमाची माणसं मात्र मूळ दुखण्याकडे गेली. राजगोपाल पी. व्ही. तरुणपणी जौऱ्याला आले ते शरण आलेल्या बागींच्या पुनर्वसनाच्या कामासाठी. तिथून ते जमिनीच्या प्रश्नाकडे वळले आणि पुढे एकता परिषद उभी राहिली. २००७च्या ऑक्टोबरात सुमारे पंचवीस हजार भूमिहीन आणि आदिवासी माणसं ग्वाल्हेरहून दिल्लीला चालत गेली. २०१२ साली पुन्हा ग्वाल्हेरहूनच त्याहून मोठा जथा निघाला आणि आग्र्याला केंद्र सरकारशी करार होऊन थांबला. नाना तोवर गेलेले होते. आत्या २००७ला लश्करमध्ये रस्त्याच्या कडेला उभी राहून तासभर ती रांग बघत होती. जमिनीच्या मोजणीचा आणि पट्ट्याचा अर्ज घेऊन चाललेली इतकी माणसं, आणि एकाच्याही खांद्यावर बंदूक नाही. २७ ऑक्टोबर २०२१ला सुब्बाराव गेले. त्यांना जौऱ्याच्या आश्रमातच अग्नी दिला.

मागच्या हिवाळ्यात पुण्यात आमच्या बँकेच्या दारात नवा रखवालदार आला. बारा बोअरची दुनाली, खाकी स्वेटर. बोलण्यावरून मी ओळखलं आणि विचारलं. तो अंबाहच्या बाजूचा निघाला, मुरैना जिल्ह्यातला. नानांच्या गावाचं नाव घेतल्यावर त्यानं खुर्ची पुढे केली. बंदूक त्याच्या वडिलांनी घेतलेली, परवाना आता त्याच्या नावावर. तिच्यामुळेच ही नोकरी लागली, नुसत्या माणसाला एजन्सी निम्मा पगार देते, तो म्हणाला. गावातली निम्मी मुलं अशीच सुरतला, मुंबईला, पुण्याला बँकांच्या दारांत उभी आहेत. मी विचारलं, "ही कधी चालवलीय?" तो हसला. "लग्नात. एकदा. त्यालाही आता बंदी आहे." घरची जमीन? ती आहे चार बिघे, पण दोन बिघे घळीत गेली, आणि उरलेल्याचा काकांशी वाद चालू आहे, तारीख पडत राहते.

मी म्हटलं, आश्रमातली माणसं अजून असली कामं करतात, त्यांना जाऊन भेट. त्यानं नाव लिहून घेतलं, घडी करून खिशात ठेवलं. मग जरा संकोचून विचारलं, "दीदी, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. परवान्याची मुदत मार्चमध्ये संपतेय. नूतनीकरण इथं पुण्यात करून देतात, की त्यासाठी रजा काढून मुरैन्यालाच जावं लागेल?"